बाइंडरच्या वह्या (स्वयंशिक्षण : लेखांक ९)

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या जवळ, डॉर्सेट स्ट्रीटवरच्या ५३ क्रमांकाच्या घरात जॉन टेटम हा चांदीकाम करणारा कारागीर रात्री आठ वाजता विज्ञानावर व्याख्याने देत असे. प्रवेशाला एक शिलिंग पडे. १९ फेब्रुवारी १८१० रोजी मायकेल फॅराडे तिथे पहिल्यांदा जाऊन बसला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि पुस्तकबांधणीची उमेदवारी करत होता. उमेदवाराच्या खिशात शिलिंग कुठून असणार? तो दिला थोरला भाऊ रॉबर्टने, जो वडिलांप्रमाणे लोहारकाम करी. सप्टेंबर १८११ पर्यंत अशी बारा-तेरा व्याख्याने त्याने ऐकली. विज्ञानाच्या इतिहासात टेटमच्या व्याख्यानांना फारसे स्थान नाही. स्वतःचे स्वतः शिकण्याच्या इतिहासात मात्र आहे, आणि ते या श्रोत्याने काढलेल्या टिपणांमुळे.

टिपणे काढण्याची त्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. व्याख्यानाला जाताना तो काही कागद टाचून त्यांची लहानशी वही करून नेई. सभागृहात तिच्यात फक्त ठळक शब्द, प्रयोगांची नावे, पदार्थांची नावे आणि एखादे महत्त्वाचे छोटे वाक्य टिपायचे. वाक्य पूर्ण करत बसले तर पुढचा प्रयोग निसटतो. घरी आल्यावर या तुटक नोंदींवरून दुसरे टिपण तयार होई. ते अधिक विस्तृत, वाचता येईल अशा अक्षरात आणि प्रयोगांचा क्रम लावून केलेले असे. तिसऱ्या पायरीला ही दोन्ही टिपणे समोर ठेवून आणि स्मरणशक्तीला ताण देऊन संपूर्ण व्याख्यानाचा कच्चा खर्डा लिहायचा. चौथ्या पायरीला सुवाच्य पक्की प्रत, उपकरणांच्या आकृत्यांसह. शेवटी बाइंडरचा हात होताच. या प्रतींचे त्याने स्वतः चार खंड बांधले आणि ते आपले मालक जॉर्ज रीबो यांना अर्पण केले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटणे साहजिक आहे. फॅराडेला आपल्या स्मरणशक्तीचा भरवसा नव्हता आणि ही तक्रार त्याच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. लेखमालेच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्नही याच जातीचा आहे. जुनी नोकरी सुटली आहे, नवी मिळायची आहे, रोज तास-दीड तास नवे काही शिकणे चालू आहे, व्हिडिओ पाहून होतात, प्रमाणपत्रेही जमतात. पण महिन्याभराने कुणी विचारले की काय शिकलो ते धड सांगता येत नाही. नवे शिकलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते, हा मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने दाखवलेला विस्मरणाचा उतार मागच्या भागात आलाच आहे. त्या उताराला खीळ घालण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाहिलेले-वाचलेले न बघता आठवून लिहिणे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, तर दुसरा मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्यानंतर चित्र उलटले : लिहून काढलेल्या उताऱ्यातले ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के. फॅराडेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत नेमके हेच घडत होते. तुटक शब्दांवरून व्याख्यान पुन्हा उभे करताना जे आठवत नाही, जे समजलेच नव्हते, ते उघडे पडते. पहिल्यांदाच सगळे तपशीलवार उतरवून घेणाऱ्याला ही सोय मिळत नाही, कारण त्याच्या वहीत सगळे असते आणि त्यामुळे आपल्याला सगळे कळले असा त्याचा समज होतो.

ही पद्धत त्याला सुचली ती रीबोच्या दुकानात. ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या या दुकानात तो १८०४ मध्ये वरकामाचा पोऱ्या म्हणून लागला. ठरलेल्या गिऱ्हाइकांना वर्तमानपत्रे वाचायला नेऊन द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे काम. ७ ऑक्टोबर १८०५ पासून सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. एरवी उमेदवार ठेवून घेताना मालक पैसे घेत. मुलाचे इमानदार काम पाहून रीबोने ते घेतले नाहीत. बांधणीला आलेली पुस्तके वाचायला त्याची मनाई नव्हती, उलट उत्तेजन होते. या मालकाची गंमत अशी की त्याच्याकडच्या तीन उमेदवारांपैकी एकानेही बांधणीचा धंदा पुढे चालवला नाही. एक गायक झाला, एक विनोदी नट आणि तिसरा फॅराडे. दुकानाच्या वर राहणारा मास्केरिये हा फ्रान्समधून आलेला चित्रकार. फॅराडे त्याची खोली झाडी, बुटांना पॉलिश करी आणि बदल्यात तो त्याला यथादर्शनाचे, म्हणजे वस्तू जशी डोळ्याला दिसते तशी कागदावर काढण्याचे धडे देई. व्याख्यानांच्या वह्यांमधल्या आकृत्यांसाठी ही फी भरलेली होती.

बांधणीच्या निमित्ताने हाती आलेल्या पुस्तकांपैकी तीन महत्त्वाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या खंडातल्या विद्युत या नोंदीने विषयाची गोडी लावली. जेन मार्सेट यांच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ने रसायनशास्त्राचा पाया घातला. तिसरे आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचे १७४१ सालचे ‘द इम्प्रूव्हमेंट ऑफ द माइंड’. ज्ञान मिळवण्याचे मार्ग कोणते याचे ते पुस्तक. निरीक्षण, वाचन, व्याख्याने, संभाषण आणि मनन असे पाच मार्ग वॉट्स सांगतो. टिपणवही ठेवा, पत्रव्यवहार करा, शब्द मोजून-तोलून वापरा, हा त्याचा उपदेश. असली पुस्तके घराघरांत असतात आणि बहुधा कपाटातच राहतात. फॅराडेने मात्र ते कामाची यादी असल्यासारखे वापरले आणि एकेक कलम अमलात आणले.

वॉट्सच्या यादीला त्याने स्वतःची एक भर घातली, ती हाताने पडताळून पाहण्याची. मार्सेटबाईंच्या पुस्तकातली विधाने खरी आहेत का, हे आठवड्याला काही पेन्सांत बसतील अशा प्रयोगांनी तो तपासत असे. घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र त्याने आधी काचेच्या साध्या बाटलीचे केले, पुढे खऱ्या नळकांड्याचे. जुलै १८१२ मधला त्याचा विद्युतघट तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. जस्ताच्या पत्र्यातून हाफपेनी नाण्याच्या आकाराच्या सात चकत्या त्याने स्वतः कापल्या. प्रत्येक चकतीवर तांब्याचे हाफपेनी नाणे ठेवले आणि जोड्यांच्या मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे घातले. या चळतीच्या दोन टोकांच्या तारा मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे जुलाबासाठी घेतात त्या एप्सम सॉल्टच्या द्रावणात बुडवल्या. तारांपाशी बुडबुडे येऊ लागले आणि काही वेळाने नितळ द्रावण गढूळ झाले. व्होल्टाने आपल्या घटाची माहिती १८०० मध्ये जगाला दिली होती, म्हणजे यात नवा शोध काही नव्हता. वाचलेली गोष्ट आपल्या हातून घडते याची खात्री पटली, हीच त्या दिवसाची कमाई.

ही हकिकत आज कळते ती त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रामुळे. बेंजामिन ॲबट हा लंडनमध्ये कारकुनी करणारा तरुण त्याला टेटमच्या व्याख्यानांच्या मंडळीत भेटला. ॲबटचे शालेय शिक्षण अधिक चांगले झाले होते. फॅराडेने १२ जुलै १८१२ पासून त्याच्याशी नेमाने पत्रव्यवहार सुरू केला आणि त्यामागचा हेतू उघडपणे सांगितला : लिहिण्याची सवय व्हावी, विचार नेमके मांडता यावेत, शब्दांची उणीव भरून निघावी. टिपणवहीपाशी एक धोका असतो. ती एकट्याची असल्याने तिच्यातली ढिलाई कुणी पकडत नाही. पत्र वाचणारा प्रश्न विचारतो, म्हणून आठवड्याच्या शिक्षणाचा हिशेब ॲबटकडे जाऊ लागला.

आता पेशा बदलण्याच्या प्रत्यक्ष काळाकडे वळता येईल. रीबोचे एक गिऱ्हाईक, संगीतकार विल्यम डान्स, यांनी फॅराडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. ती १८१२ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाली. सज्जात घड्याळाच्या वरच्या जागी बसून फॅराडेने ती ऐकली आणि त्याच चार पायऱ्यांनी त्यांचीही वही बांधली. ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली आणि तो द ला रोश या तापट मालकाकडे पगारी कारागीर झाला. काम वाढले, वाचनाचा वेळ गेला. विज्ञानातले कोणतेही, अगदी हलके काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले होते. चौकशीला गेल्यावर कळले की त्या पत्राला उत्तर देण्याची गरज वाटलेली नाही. डिसेंबरात त्याने डेव्हींना लिहिले आणि सोबत त्यांच्याच व्याख्यानांची बांधलेली वही पाठवली. या अर्जाला २४ डिसेंबरला उत्तर आले.

इथे प्रचलित गोष्ट थोडी दुरुस्त करायला हवी. वही पाहून डेव्ही भारावले आणि त्यांनी नोकरी दिली, असे सांगतात. प्रत्यक्षात जानेवारी १८१३ मधल्या भेटीत त्यांनी बांधणीचा धंदा सोडू नकोस असाच सल्ला दिला, कारण जागा रिकामी नव्हती. ती रिकामी झाली फेब्रुवारीत, प्रयोगशाळेतला मदतनीस पेन याने उपकरणे बनवणाऱ्या न्यूमनशी मारामारी केली म्हणून. पेनला काढले गेले. एका रात्री फॅराडे झोपायच्या तयारीत असताना दारावर थाप पडली. डेव्हींच्या गाडीतून आलेल्या नोकराने चिठ्ठी दिली : सकाळी भेटायला यावे. १ मार्च १८१३ रोजी नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. जागा रिकामी करणे वहीच्या हातात नव्हते. ती झाल्यावर कुणाचे नाव आठवावे, एवढे वहीने ठरवले. बँक्सना फक्त इच्छा कळवली होती, डेव्हींना कामाचा नमुना मिळाला होता. दोन अर्जांतला फरक एवढाच, आणि आज पेशा बदलणाऱ्याने ध्यानात ठेवावा तो हाच.

नोकरी लागल्यावर शिकणे थांबले नाही. डेव्हींसोबत ऑक्टोबर १८१३ पासून एप्रिल १८१५ पर्यंत युरोपात हिंडताना तो फ्रेंच आणि इटालियन शिकला. १८१६ मध्ये टेटमच्याच मंडळात स्वतः व्याख्याने देऊ लागला. १८१८ च्या सुमारास पाच-सहा मित्र संध्याकाळी जमून एकमेकांचे वाचन, उच्चार आणि भाषा सुधारू लागले. त्यांतला एडवर्ड मॅग्राथ पुढे कित्येक वर्षे त्याच्या व्याख्यानांना बसून चुका टिपून देई. बोलण्याचा वेग वाढला की ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड फॅराडेपुढे ठेवले जाई. १८२२ च्या वहीत, करून पाहण्याच्या गोष्टींमध्ये, चुंबकत्वापासून वीज मिळवण्याची एक ओळीची नोंद आहे. ती २९ ऑगस्ट १८३१ रोजी साध्य झाली आणि आजची जनित्रे त्याच तत्त्वावर चालतात. १८३२ ते १८६२ या काळातल्या प्रयोगशाळेच्या रोजनिशीत त्याने परिच्छेदांना ओळीने क्रमांक दिले, शेवटचा क्रमांक १६०४१. गणित मात्र त्याला कधीच आले नाही. त्याच्या कल्पनांना गणिती रूप दिले ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने. रोज शिकणाऱ्याला सगळे आलेच पाहिजे असे नाही, हेही यातून दिसते.

ही पद्धत आज वापरायला फार साहित्य लागत नाही. समजा, टॅलीवर वर्षानुवर्षे हिशेब ठेवलेली व्यक्ती डेटा ॲनालिसिसकडे वळते आहे आणि आजचा धडा दोन तक्ते जोडण्याचा आहे. व्हिडिओ पाहताना वहीत चार-सहा शब्दच यावेत : दोन्ही तक्त्यांतला सामाईक रकाना, न जुळलेल्या ओळी, दुहेरी नोंदी. संध्याकाळी व्हिडिओ न उघडता त्यावरून अर्धे पान लिहावे आणि जिथे अडेल तिथे जागा कोरी सोडावी. दुसऱ्या दिवशी घरच्या वाणसामानाची बिले आणि बँकेचे पासबुक या दोन याद्या प्रत्यक्ष जोडून त्या कोऱ्या जागा भराव्यात. आठवड्याअखेरीस सगळ्याची एक पक्की नोंद करून ती विषयातल्या एखाद्या जाणकाराला पाठवावी. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की मुलाखतीला नेण्याजोगा गठ्ठा तयार होतो, आणि प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलतो.

  वाचकांनी या आठवड्यात शिकलेली कोणतीही एक गोष्ट चारही पायऱ्यांतून काढून पाहावी. तिसरी पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे, तीच गाळू नये.