घरातली जोडलेली यंत्रे – लेखांक ६ : कॅमेरा हाकेला ओ का देत नाही?

दारावरचा कॅमेरा आणि दिवाणखान्यातला बोलका स्पीकर यांच्यात जेमतेम एका भिंतीचे अंतर असते. दोघेही एकाच वाय-फायवर असतात. तरीही सहसा ते एकमेकांशी थेट बोलत नाहीत. ‘अलेक्सा, शो मेन गेट’ असे म्हटले की तो आवाज आधी इंटरनेटवरून ॲमेझॉनच्या सर्व्हरवर जातो. तिथे शब्दांचा अर्थ लावला जातो आणि ‘मेन गेट’ हे नाव कोणत्या कॅमेऱ्याचे आहे ते यादीत शोधले जाते. मग ॲमेझॉनचा सर्व्हर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे चित्र मागतो, आणि कंपनीचा सर्व्हर घरातल्या कॅमेऱ्याला जागा करतो. गूगल असिस्टंटचीही रीत साधारण हीच. शेजारच्या खोलीत द्यायचा निरोप दोन परगावांना वळसा घालून यावा, तसा हा प्रकार असतो.

त्यामुळे ‘कॅमेरा जोडला जात नाही’ या एकाच तक्रारीमागे निरनिराळे बिघाड असू शकतात. हा मार्ग चार कड्यांची साखळी मानला तर शोध सोपा होतो : कॅमेऱ्यापासून त्याच्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत, कंपनीच्या खात्यापासून असिस्टंटच्या खात्यापर्यंत, असिस्टंटच्या यादीतले नाव, आणि शेवटी पडद्यावरचे चित्र. कोणती कडी तुटली आहे हे आधी ठरवावे, दुरुस्ती नंतर करावी.

दोन चाचण्या

पहिल्या चाचणीत फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये थेट चित्र उघडावे. वाय-फाय बंद करणे इथे महत्त्वाचे आहे. फोन आणि कॅमेरा एकाच राउटरवर असले तर अनेक ॲप घरातल्या घरात थेट कॅमेऱ्याकडून चित्र घेतात. मग इंटरनेट बंद असले तरी सारे ठीक असल्यासारखे वाटते. मोबाइल डेटावर चित्र आले, तर कॅमेरा, वाय-फाय, इंटरनेट आणि कंपनीचा सर्व्हर या सगळ्यांवरचा संशय एकदम फिटतो.

दुसऱ्या चाचणीत अलेक्सा किंवा गूगल होम ॲपच्या उपकरणांच्या यादीत कॅमेरा आहे का आणि तिथे बोट लावल्यावर चित्र दिसते का, हे पाहावे. यादीत कॅमेराच नसेल तर दोष खात्यांच्या जोडणीत असतो. ॲपमध्ये चित्र दिसते पण तोंडी सांगून येत नसेल, तर दोष नावात किंवा पडद्याच्या उपकरणात असतो. ॲपमध्ये नाव आहे पण चित्र नुसते गोल गोल फिरत राहते, तर चित्राच्या स्वरूपाकडे पाहावे.

पहिली कडी : कॅमेरा आणि वाय-फाय

घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे वाय-फाय ओळखतात. या पट्ट्याचा वेग ५ गिगाहर्ट्झपेक्षा कमी असला तरी त्याच्या लहरी भिंतींतून अधिक दूर जातात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने पुरवत असेल आणि सुरुवातीची जोडणी अडत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावे द्यावीत आणि कॅमेरा २.४च्या नावावर जोडावा. सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल तर जुना कॅमेरा आत येऊ शकत नाही. डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय निवडला की अडचण सुटते.

वीज जाऊन आल्यावर बिघडणारा कॅमेरा हा वेगळा प्रकार. कॅमेरा काही सेकंदांत सुरू होतो, राउटरला इंटरनेट मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि काही कॅमेरे मधल्या काळात प्रयत्न सोडून देतात. अशा वेळी राउटर पूर्ण सुरू झाल्यावर कॅमेऱ्याची वीज एकदा बंद करून पुन्हा द्यावी. दोन्ही उपकरणे इन्व्हर्टरवर घेतली तर हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. कॅमेऱ्यातले घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल तर तीही दुरुस्त करावी. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राला मुदत असते. कॅमेऱ्याची तारीख फार मागे किंवा पुढे असली की खरे प्रमाणपत्रही अवैध ठरते आणि जोडणी नाकारली जाते.

दुसरी कडी : खात्यांची जोडणी

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. अलेक्सामध्ये कॅमेऱ्याच्या कंपनीचे ‘स्किल’ सुरू करावे लागते. गूगल होममध्ये ‘वर्क्स विथ गूगल होम’ या यादीतून कंपनी निवडावी लागते. त्यानंतर कंपनीच्या खात्यात लॉगिन करून परवानगी दिली जाते. या वेळी पासवर्ड असिस्टंटला मिळत नाही. ओऑथ २.० या पद्धतीने त्याला एक ‘टोकन’ मिळते. हे टोकन म्हणजे मर्यादित मुखत्यारपत्रच : मालकाच्या वतीने ठरावीक कामे करण्याची मुभा, आणि तीही मालक काढून घेऊ शकेल अशी. कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला की अनेक कंपन्या जुनी मुखत्यारपत्रे रद्द करतात. काल चालणारा कॅमेरा आज अचानक ‘उत्तर देत नाही’ याचे हे एक नेहमीचे कारण. उपाय सोपा आहे : स्किल बंद करून पुन्हा सुरू करावे, किंवा गूगल होममध्ये जोडणी काढून नव्याने करावी, म्हणजे नवे टोकन मिळते.

जोडणी ‘यशस्वी’ दिसूनही यादी रिकामी राहिली, तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खाते कोणाचे आहे. घरात एकाने कॅमेरा नोंदवून इतरांना ॲपमधून ‘शेअर’ केलेला असतो. शेअर मिळालेल्या खात्यावरून असिस्टंटची जोडणी काही कंपन्या होऊ देत नाहीत, म्हणून मूळ मालकाचे खाते वापरावे. दुसरी, लॉगिनची रीत. ॲपमध्ये मोबाइल क्रमांक आणि ओटीपीने खाते उघडलेले असते आणि जोडणीच्या पानावर ईमेलने लॉगिन केले जाते; अशाने नवे, रिकामे खाते तयार होऊन तेच जोडले जाण्याची शक्यता असते. तिसरी, खात्याचा प्रदेश. काही ॲप नोंदणीच्या वेळी देश विचारतात आणि त्यानुसार माहिती कोणत्या भागातल्या सर्व्हरवर राहील ते ठरते. जोडताना वेगळा देश निवडला तर त्या सर्व्हरवर हे घर नसतेच.

परदेशातून सामान आणणाऱ्या कुटुंबांना प्रदेशाचा प्रश्न दुहेरी भेडसावतो. अमेरिकेत घेतलेला एको स्पीकर तिथल्या ॲमेझॉन खात्यावर नोंदवलेला असतो आणि पुण्यात घेतलेल्या कॅमेऱ्याचे स्किल फक्त भारतीय स्किल-दुकानात असू शकते. मग शोधूनही स्किल सापडत नाही. खात्याचा देश बदलावा किंवा स्पीकर भारतीय खात्यावर नव्याने नोंदवावा, हाच मार्ग.

तिसरी कडी : यादी आणि नाव

जोडणी झाल्यावर उपकरणे शोधायला सांगावे लागते. अलेक्साला ‘डिस्कव्हर डिव्हायसेस’ आणि गूगलला ‘सिंक माय डिव्हायसेस’ असे सांगितले की यादी ताजी होते. कंपनीच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याचे नाव बदलले असेल, तर तेही यानंतरच असिस्टंटला कळते.

नाव ठेवण्याचेही शास्त्र आहे. स्पीकर इंग्रजी किंवा हिंदी ऐकण्याच्या बेताने ठेवलेला असताना ‘ओसरी’, ‘पडवी’ किंवा ‘मागचे अंगण’ अशी नावे त्याच्या कानी भलतीच पडतात. ‘मेन गेट’, ‘टेरेस’, ‘पार्किंग’ अशी छोटी, स्पष्ट नावे बरी. ‘कॅमेरा १’ आणि ‘कॅमेरा २’ यांची गल्लत होते. खोलीच्या गटाचे नाव आणि कॅमेऱ्याचे नाव एकच असले, तर मागणी गटाकडे जाते आणि कॅमेरा उघडत नाही. अलेक्सा ॲपमधल्या व्हॉइस हिस्टरीत यंत्राने नेमके काय ऐकले ते लिहिलेले सापडते. अंदाज बांधण्यापेक्षा तिथे पाहणे श्रेयस्कर.

चौथी कडी : चित्र आणि पडदा

चित्र दाखवायला पडदा लागतो, ही साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते. एको डॉटसारख्या बिनपडद्याच्या स्पीकरवर चित्र दिसणे शक्य नसते. एको शो, नेस्ट हब किंवा टीव्हीला लावलेली फायर टीव्ही स्टिक असे साधन हवे, आणि तेही त्याच खात्यावर किंवा त्याच ‘होम’मध्ये नोंदलेले हवे.

पडदा आहे, नाव बरोबर आहे, तरी चित्र काळेच राहिले, तर संशय चित्राच्या सांकेतिक स्वरूपावर जातो. नवे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी एच.२६५ वापरतात, तर अनेक पडदे आणि जोडण्या अजून जुन्या एच.२६४वर चालतात. सेटिंगमध्ये एच.२६४ निवडून आणि चित्र १०८०पीवर आणून पुन्हा पाहावे. काही कॅमेऱ्यांत चित्र कुलूपबंद ठेवण्याची सोय असते. तिची किल्ली फक्त मालकाच्या फोनमध्ये राहते, त्यामुळे असिस्टंटच्या पडद्याला ते चित्र उलगडत नाही. हे कुलूप काढले तर चित्र दिसते, पण खासगीपणाचे एक कवच कमी होते. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी ही तडजोड चालू शकेल. घरातल्या खोलीतल्या कॅमेऱ्यासाठी कुलूप ठेवून आवाजाची सोय सोडणे शहाणपणाचे.

बॅटरीवरचे कॅमेरे एरवी झोपलेले असतात. हाक आल्यावर जागे व्हायला त्यांना काही सेकंद लागतात. तेवढ्यात पडद्याने वाट पाहणे सोडले तर दुसऱ्या हाकेला चित्र येते. हा बिघाड नव्हे.

रीसेट शेवटी

बारीक पिनेने बटण दाबून कॅमेरा मूळ स्थितीत आणणे हा बऱ्याच जणांचा पहिला उपाय असतो. रीसेट केल्याने फार तर पहिली कडी दुरुस्त होते. पहिली चाचणी यशस्वी झाली असेल तर ती कडी मुळात शाबूत असते, आणि रीसेटने चालते वाय-फाय तेवढे पुसले जाते. म्हणून तो उपाय फक्त पहिल्या कडीच्या बिघाडासाठी, आणि तोही शेवटी.

काही यंत्रणा मात्र कोणत्याही उपायाने जोडल्या जात नाहीत. जुन्या तारेच्या सीसीटीव्हीत कॅमेरे डीव्हीआरला जोडलेले असतात. त्या डीव्हीआरच्या कंपनीने असिस्टंटसाठी स्किल किंवा जोडणी पुरवलेली नसेल तर दुसरी कडी अस्तित्वातच नसते. नव्या खरेदीच्या वेळी खोक्यावर ‘वर्क्स विथ अलेक्सा’ किंवा ‘वर्क्स विथ गूगल होम’ ही खूण पाहणे हाच त्यावर उपाय. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एक भाषा देणारे ‘मॅटर’ हे मानक ऑक्टोबर २०२२मध्ये आले, पण कॅमेरे त्यात नोव्हेंबर २०२५च्या १.५ या आवृत्तीत दाखल झाले. त्याआधी बनलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना हाक ऐकू येण्यासाठी वळशाचा रस्ताच धरावा लागतो.

(क्रमशः)