मागील चाकाच्या आगबोटी : गती आणि दिशानियंत्रण
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या उथळ पाण्यात मागे एकच चाक असलेल्या आगबोटी विशेष उपयुक्त ठरल्या. दोन्ही बाजूंच्या वाफेच्या इंजिनांचे लांब दांडे चाकाचा आस फिरवीत. त्यांच्या भुजा परस्परांशी ९० अंशांत असल्याने चाक कोणत्याही स्थितीत अडून राहत नसे. स्वतंत्र इंजिनांची दोन बाजूची चाके परस्परविरुद्ध फिरवून बोट वळविता येई. एकाच चाकाला ही सोय नव्हती. म्हणून चाकाच्या पुढे अनेक सुकाणू बसवीत. तथापि प्रवाहाच्याच वेगाने वाहणाऱ्या बोटीचे सुकाणू निष्प्रभ ठरते. अशा वेळी वळणावर चाक उलटे फिरवीत. त्याने पुढे फेकलेला झोत सुकाणूंवर आदळून बोटीचा मागील भाग वळे. सारांश, गती देणारे चाकच दिशानियंत्रणाचाही आधार होते.