एआयच्या काळात कोडिंग कशाला?

वाशिम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या टप्प्यात, म्हणजे इथल्या शाळांतही, कोडिंग आणायचे ठरवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोडही लिहून देणारे चॅटजीपीटी आले आणि पालक विचारू लागले, आता कोडिंग शिकून काय करायचे?

उत्तर एका उदाहरणात आहे. मुलांना स्क्रॅच या कोडिंग शिकवणाऱ्या साधनात समभुज त्रिकोण काढायला सांगा. अनेक मुले ‘१०० पावले पुढे, ६० अंश वळा’ असे तीनदा लिहितात. निघतो अर्धा षटकोन! वळायचे असते १२० अंश, कारण आज्ञेप्रमाणे चालणारी पडद्यावरची मांजर बाहेरच्या कोनातून वळते. हे ज्याला उमगले, तोच एआयच्या कोडमधली चूक पकडेल. स्क्रॅच मोफत आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. वाशिममधल्या रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यांतल्या शाळांनी इथूनच सुरुवात करावी.