बंधांच्या हिशेबानें इंधनाची उष्णता

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर आमचें वळसंग आहे. या रस्त्यानें धांवणाऱ्या मोटारींच्या व फटफट्यांच्या टांकींत आतां निव्वळ पेट्रोल नसतें. उसाची मळी किंवा रस आंबवून, तसेंच मका व तांदूळ यांपासून, जो मद्यार्क म्हणजे इथेनॉल काढितात, त्याचें पेट्रोलमधील प्रमाण २०२५ सालीं देशांत शेंकडा २० पर्यंत गेलें. आमचा जिल्हा उसाचा व साखर-कारखान्यांचा. तेव्हां ऊस पिकविणारा तोच आणि टांकी भरणाराहि तोच. "गाडी पूर्वीइतकी पळत नाहीं," ही त्याची तक्रार कितपत खरी, हें कागद-पेन्सिलीनेंहि काढितां येतें. तें कसें, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंधनाच्या बंधांत उष्णता सांठविलेली असते व बंध तुटतांच ती बाहेर पडते, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. एकमेकांस चिकटलेले दोन लोहचुंबक विलग करण्यास जोर लागतो. तसाच बंध तोडण्यास ऊर्जा खर्चावी लागते, आणि नवा बंध जुळतांना ती मिळते. ज्वलनांत इंधनाचे व प्राणवायूचे बंध तुटतात, कर्बाम्ल वायूचे व पाण्याचे बंध जुळतात. जमेंतून खर्च वजा जातां उरते ती शिल्लक म्हणजेच ज्वलनाची उष्णता. लायनस पॉलिंग यांच्या रासायनिक बंधावरील १९३९ सालच्या ग्रंथांत अशा दरांचें कोष्टक आहे. आज चालू असलेले दर, मोलमागें किलोज्यूलमध्यें, असे : कर्ब-हायड्रोजन ४१३, कर्ब-कर्ब ३४७, कर्ब-प्राण एकेरी ३५८, प्राण-हायड्रोजन ४६३, प्राणवायूंतील दुहेरी बंध ४९८, आणि कर्बाम्ल वायूंतील प्रत्येक दुहेरी बंध ७९९.

शेणाच्या गॅसमधील जळणारा मुख्य घटक मिथेन. त्याचा हिशेब सर्वांत सोपा. त्याचे चार बंध तोडण्यास १६५२ व दोन प्राणवायु-रेणूंचे ९९६, एकूण खर्च २६४८. जमेस कर्बाम्ल वायूचे दोन बंध १५९८ व पाण्याच्या दोन रेणूंचे चार बंध १८५२, एकूण ३४५०. शिल्लक ८०२; आणि पाण्याची वाफ वाफच राहिली तर मोजलेली उष्णताहि ८०२ च भरते! वाफेचें पाणी झालें तर मोलमागें आणखी ४४ मिळून ती ८९० होते. हिशेब नेहमीं इतका तंतोतंत जुळत नाहीं, कारण दर सरासरीचे आहेत. इथेनॉलला तीन प्राणवायु-रेणु लागतात : खर्च ४७२७, जमा ५९७४, शिल्लक १२४७, वायुरूप इथेनॉलची खरी उष्णता १२७७. पेट्रोलच्या जागीं ऑक्टेन घेतल्यास साडेबारा रेणु लागून शिल्लक ५०३० येते, खरी ५११६. दोन्ही ठिकाणीं चूक शेंकडा दोन-अडीचच्या आंत. एवढ्याशा कोष्टकास ही कामगिरी थोडी नव्हे.

आतां प्रत्येक शिल्लक प्राणवायूच्या रेणूंनीं भागून पाहावी. मिथेन ४०१, ऑक्टेन ४०२, इथेनॉल ४१६ : जवळजवळ एकच आंकडा. थॉर्न्टन यांनीं १९१७ सालींच हा नियम प्रयोगांच्या आंकड्यांवरून दाखविला होता, आणि आगीची उष्णता आज धुरांतील प्राणवायूची घट मोजून ठरवितात, ती याच आधारावर. कारण हिशेबांतच आहे. प्राणवायूचा बंध कमकुवत, व त्याच्या जागीं येणारे बंध बळकट. भांडवल मुख्यतः तेथें आहे.

मग इथेनॉल मागें कां पडतें, हें उघड होतें. त्याच्या रेणूंत प्राण आधींच बसलेला आहे. तें जणूं अर्धवट जळलेलेंच इंधन होय. बाहेरचा प्राणवायु त्यास कमी लागतो, म्हणून उष्णताहि कमी. ग्रॅममागें मिथेन ५०, ऑक्टेन ४४, तर इथेनॉल अवघे २७ किलोज्यूल. इथेनॉल थोडें जड असल्यानें लिटरच्या मापानें तफावत कांहींशी भरून निघते, तरी पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांशच पदरीं पडते.

तेव्हां शेंकडा २० मिश्रणांत उष्णतेची घट शेंकडा सहा-सात एवढी. तक्रार खोटी नाहीं. पण कोणी अंतर निम्म्यावर आल्याचें सांगूं लागला, तर त्यानें टायरची हवा व एंजिन तपासून घ्यावें. मद्यार्क अधिक दाब ठोके न देतां सोसतो, म्हणून जास्त दाबाचें खास एंजिन या घटीपैकीं कांहीं भाग परत मिळवूं शकतें. जुन्या फटफटीस मात्र तो लाभ नाहीं.