इंग्रजी वाक्याची फोड

सन २००० मध्यें राज्यांतील मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ पहिल्या इयत्तेपासून झाला. म्हणजे आज उमरेडच्या मराठी शाळेंतून दहावी उत्तीर्ण होणारा मुलगा दहा वर्षें ती भाषा शिकलेला असतो. त्याच्यापुढें दुकानच्या पावतीमागील एक इंग्रजी वाक्य ठेवावें. शब्दांचे अर्थ तो भराभर सांगेल. वाक्याचा अर्थ विचारला कीं अडखळेल. याचा दोष आम्ही मुलास देत नाहीं. वाक्य उकलावें कसें, हें त्यास कोणी दाखविलेंच नाहीं. पाठ करून घेतलीं तीं तयार उत्तरें.

अडचण मुळांत दोन भाषांच्या घडणींत आहे. 'रामानें रावणास मारिलें' हें 'रावणास रामानें मारिलें' असें फिरविलें, तरी मारणारा रामच राहतो; प्रत्यय त्याची ओळख पटवितो. इंग्रजींत 'राम किल्ड रावण' यांतील नांवांची अदलाबदल करा, कीं रावणानेंच रामास मारिलें! तेथें कर्ता ओळखावयाचा तो जागेवरून. शिवाय आमचें क्रियापद बहुधा शेवटीं येतें, त्यांचें कर्त्याच्या पाठोपाठ.

आतां पावतीवर आढळणाऱ्या धर्तीचें हें वाक्य पहा: 'द डीलर शॅल नॉट बी लाएबल अनलेस द बायर रिपोर्ट्स द डॅमेज विदिन सेव्हन डेज.' घोकणारा मुलगा 'नॉट'पाशीं थांबतो आणि विक्रेता जबाबदार नाहीं, असें बापास सांगून मोकळा होतो. फोड करणारा प्रथम क्रियापदें शोधील: 'शॅल नॉट बी' आणि 'रिपोर्ट्स'. क्रियापदें दोन, तेव्हां वाक्यें दोन. प्रत्येकास 'कोण?' विचारतांच एकीकडे विक्रेता व दुसरीकडे गिऱ्हाईक हातीं लागतें. मग जोडणारा शब्द 'अनलेस', म्हणजे 'न केल्यास'. शेवटीं 'काय?' आणि 'केव्हां?': नुकसान, सात दिवसांचे आंत. आतां अर्थ उघड झाला. सात दिवसांत न कळविल्यास विक्रेत्यावर जबाबदारी नाहीं. म्हणून फुटका माल आला तर सातव्या दिवसापूर्वीं कळविलेंच पाहिजे. पहिल्या मुलाच्या बापानें तो माल निमूटपणें घरांत ठेवला असता.

हें शास्त्र आम्हांस परकें नव्हे. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालचें. केशवसुतांचे बंधु मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ चा. उद्देश्य आणि विधेय हे शब्द मुलास मराठीच्या तासाला भेटतात. पुढच्याच तासाला इंग्रजीचे मास्तर येतात आणि जणू तें सर्व विसरावयाचें असतें. दोन्ही शिक्षकांनीं एकदां एकत्र बसावें, एवढेंच मागणें आहे.

व्याकरणानें भाषा येत नाहीं, असा आक्षेप विद्वान घेतात. पहिली-दुसरीच्या मुलांपुरता तो आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. त्यांनीं ऐकावें, बोलावें, गाणीं म्हणावींत. परंतु सहावीपासून वाक्यें लांबूं लागतात आणि तेथें नुसता कान पुरत नाहीं. रेशीमकांठी धोतरांसाठीं एके काळीं नांवाजलेल्या या गांवांत ताणा लावल्यावांचून बाणा भरतां येत नाहीं, हें कोणास सांगावयास नको.

यास नवीन पुस्तक नको, कीं शिकवणीची फीही नको. रोज तासाच्या आरंभीं दहा मिनिटें, फळ्यावर एकच वाक्य: क्रियापदाखालीं दोन रेघा, कर्त्याखालीं एक, जोडशब्दाभोंवतीं वर्तुळ. तें वाक्य मुलांनींच घरून आणावें. औषधाच्या खोक्यावरचें, बियाण्याच्या पिशवीवरचें किंवा बँकेच्या कागदावरचें. व्यापारी मंडळींनीं आपल्या जुन्या पावत्या शाळेकडे धाडल्या, तर वर्षभराचा पुरवठा होईल.