चित्रकलेचा तास आणि शाळेचा पैसा

"पोरगं शाळेत चित्रं काढतं. त्यानं का पोट भरणार आहे?" असे पुष्कळ जण विचारतात. आम्ही हेडमास्तर होतो, तेव्हा आम्हीही तसेच म्हणत असू. परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला देत असू. कुणी रंगीत खडू मागितले, तर "पैसे नाहीत" म्हणून मोकळे होत असू.

एकदा चौथीतल्या एका मुलाला शेताच्या बांधाचे गणित काही केल्या सुटेना. आम्ही म्हटले, "बाळ, तुझे शेत काढून दाखव." त्याने शेत काढले. चारी बांध काढले. एकेका बांधावर बोट ठेवून बेरीज केली. उत्तर बरोबर आले! हात, डोळा आणि डोके जोडीने चालतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

सुताराला, गवंड्याला, शिंप्याला आकृती कळावी लागते. लेझीम खेळताना एकाचा ताल चुकला, की सगळी रांग चुकते. मिळून काम कसे करावे, हे पोरं तिथे शिकतात.

मग याला खर्च किती? ढोलकी आणि लेझीम एकदा घेतली, की बरीच वर्षे टिकते. कागद, रंग, खडू दरसाल लागतात. मोठा खर्च शिकवणाऱ्या माणसाचा.

हा पैसा कुठून येतो? तुमच्याआमच्या करातून. २०१८ साली समग्र शिक्षा योजना सुरू झाली. तिच्यात रुपयामागे ६० पैसे केंद्र सरकारचे आणि ४० पैसे महाराष्ट्र सरकारचे, असा वाटा ठरला.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून जास्त मुले असतील, तर तिथे कला शिकवायला अर्धवेळ शिक्षक हवा, असे त्यात लिहिले आहे. पण लहान गावात शंभर मुले आणायची कुठून? तिथे वर्गाच्या गुरुजींनाच चित्र आणि गाणे शिकवावे लागते. म्हणून तिथे निदान साहित्य तरी हवे.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात १०० त ७५ सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते. शाळेला काय काय हवे, त्याचा हा कागद. सरकारने अनुदान द्यायचे ते याच आराखड्याच्या आधारे. लिहिले म्हणजे लगेच मिळते, असे नाही. पण ढोलकी कागदावरच नसेल, तर ती देणार कोण?

आमच्या वेळी पालक सभेला येत, अंगठा उठवीत आणि घरी जात. आम्हीही आराखडा वाचून दाखवीत नसू. ती आमची चूक.

आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या सभेला जा. आराखडा मागून घ्या. त्यात रंग, कागद, लेझीम आहे का, ते बघा. नसेल, तर गुरुजींना म्हणा, "एवढं लिहा." लिहिलेले स्वतः वाचा. मगच सही करा.