बोर्डीसारख्या गावात संगणकशास्त्र शिकताना

संगणक वापरता येणे आणि संगणकशास्त्र येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा प्रश्न पायरीपायरीने कसा सोडवायचा, त्या पायऱ्या यंत्राला कळतील अशा कशा मांडायच्या, त्यांना वेळ किती लागेल, जागा किती लागेल आणि उत्तर दर वेळी बरोबरच येईल हे कशावरून, यांचा अभ्यास म्हणजे संगणकशास्त्र. महाराष्ट्रात हा फरक मुद्दाम सांगावा लागतो, कारण ‘कॉम्प्युटरचा कोर्स’ म्हटले की बहुतेक घरांत एमएस-सीआयटी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा तो अभ्यासक्रम संगणकसाक्षरतेचा आहे. पत्र टाइप करणे, तक्ता करणे, ईमेल पाठवणे एवढे त्यातून नीट जमते. तो तक्ता आपोआप जुळवणारी प्रणाली आतून कशी चालते, हे पुढच्या शिक्षणाचे काम.

बारावीनंतर त्यासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असून तिला सीईटी द्यावी लागते. बीएस्सी आयटीचा भर माहितीच्या प्रणाली उभारण्यावर आणि चालवण्यावर असतो. बीएस्सी संगणकशास्त्रात गणित आणि तर्क यांना अधिक जागा असते, त्यामुळे बारावीला गणित घेतलेले असावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीएस्सीची पदवी तीन वर्षांत घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते.

विद्यापीठीय विषय म्हणून संगणकशास्त्राचे वय फार नाही. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला होता. तेव्हा संगणक म्हणजे एका संस्थेला एक, तोही दालनभर. आज साधारण लॅपटॉप आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली एवढ्यावर पदवीच्या बहुतेक विषयांचे प्रात्यक्षिक होते. रसायनशास्त्राला धूर खेचणारी कपाटे लागतात, भौतिकशास्त्राला महागडी उपकरणे लागतात. संगणकशास्त्राचा भांडवली खर्च त्या मानाने कमी, आणि म्हणूनच मोठ्या शहरापासून दूरच्या लहान महाविद्यालयालाही हा विषय पेलू शकतो.

बोर्डी हे असेच दूरचे गाव. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ, डहाणू तालुक्यात ते आहे. किनाऱ्याला सुरूची झाडे, आत चिकूच्या वाड्या, आणि सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक घोलवड. गाव लहान असले तरी शिक्षणाची परंपरा शंभर वर्षांची आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२० मध्ये येथे शाळा काढली. तीच पुढे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल म्हणून ओळखली गेली. आचार्य शंकरराव भिसे आणि आचार्य चित्रे या शिक्षकांच्या कामामुळे या शाळेचे नाव दूरवर झाले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले तेही बोर्डीतच. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची आणि शंखशिंपले, बिया, पाने यांतून गणती शिकवायची, हे प्रयोग या परिसरात झाले. आता सोसायटीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय बोर्डीत आहे आणि ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. शेजारच्या तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे.

संलग्न महाविद्यालय म्हणजे विद्यापीठ मोठे आणि वर्ग लहान. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची असून त्याचा विस्तार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते आणि पदवीवर नाव विद्यापीठाचेच असते. स्वायत्त महाविद्यालये सोडली, तर चर्चगेटजवळच्या कॉलेजातला विद्यार्थी आणि डहाणू-तलासरीकडचा विद्यार्थी एकाच अभ्यासक्रमातून जातात. फरक पडतो तो वर्गात आणि लॅबमध्ये.

बीएस्सी संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगची ओळख होते, बहुधा पायथन किंवा सी या भाषेतून. जोडीला संगणकाची अंतर्गत रचना, डेटाबेस, सांख्यिकी आणि विविक्त गणित असते. विविक्त गणितात संच, तर्कविधाने, मोजणीचे नियम आणि आलेख येतात. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि जावासारखी भाषा येते. यंत्राला काय करता येते आणि काय मुळातच करता येत नाही, हे सांगणारा गणनसिद्धान्तही याच टप्प्यावर भेटतो. तिसऱ्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्ता, माहितीची सुरक्षा, क्लाउड, डेटा सायन्स असे विषय आणि एक प्रकल्प असतो. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि भाषाही बदलतात. प्रश्नाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा तपासायचा, ही सवय मात्र प्रत्येक अभ्यासक्रमात तीच राहते.

ही सवय कशी लागते हे ‘बायनरी सर्च’ या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या धड्यावरून दिसते. प्रवेशाच्या यादीत १,००० नावे अक्षरक्रमाने लावलेली आहेत आणि त्यांतले एक शोधायचे आहे. पहिल्या नावापासून पाहत गेले तर वाईटात वाईट १,००० नावे तपासावी लागतील. त्याऐवजी मधले नाव पाहायचे. हवे ते नाव त्याच्या आधी असेल तर यादीचा मागचा अर्धा भाग सोडून द्यायचा, नंतर असेल तर पुढचा. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. अशा रीतीने जास्तीत जास्त १० तपासण्यांत निकाल लागतो. यादी दहा लाखांची झाली तरी तपासण्या २० च होतात.

एवढे ऐकून विद्यार्थी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहितो, तो चालतो आणि जर्नलमध्ये उतरतो. खरा अभ्यास त्यानंतरचा. यादीत एकच नाव असेल तर? एकही नसेल तर? हवे ते नाव अगदी शेवटचे असेल तर? यादीतच नसेल तर प्रोग्राम थांबेल की फिरतच राहील? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी नोंदवले आहे की ही पद्धत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, पण कोणत्याही लांबीच्या यादीला बिनचूक चालणारी आवृत्ती प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडले. पुढे २००६ मध्ये प्रोग्रामर जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावाच्या अधिकृत संग्रहातल्या बायनरी सर्चमध्येही चूक आहे. मधली जागा काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते. यादी १०७ कोटींच्या पुढे गेली की ही बेरीज संगणकाच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. जगभर वापरात असलेल्या त्या ओळी वर्षानुवर्षे कुणाला खटकल्या नव्हत्या.

असे प्रश्न पुस्तकात छापता येतात, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रोग्रामवर ते कुणीतरी विचारावे लागतात. लहान महाविद्यालयाची ताकद इथे आहे. तुकडी लहान असली की प्रॅक्टिकलच्या वेळी सर किंवा मॅडम प्रत्येकाच्या स्क्रीनपाशी दोन मिनिटे थांबू शकतात. कुणी शेजाऱ्याचा प्रोग्राम उतरवून नुसती चलांची नावे बदलली, हे लगेच लक्षात येते, कारण प्रत्येकाची लिहिण्याची ढब माहीत झालेली असते. व्हायवा हा पाठांतराचा सोपस्कार न राहता संभाषण होऊ शकतो. एखादी मुलगी दोन दिवस आली नाही, तर घोलवडची गाडी चुकली की घरी काही अडचण आहे, याची चौकशी होते. विषय राहून केटी लागलेल्याला वरच्या वर्गातला कुणीतरी शिकवतो. मोठ्या महाविद्यालयात हे अशक्य नाही, पण तिथे त्यासाठी व्यवस्था उभारावी लागते.

लहान असण्याचा असा उपयोग करून घेतल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात सापडते. हॅनोव्हर या छोट्या गावातल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथालय जसे सर्वांना खुले असते तसा संगणकही सर्व विद्यार्थ्यांना खुला असावा, असा त्यांचा आग्रह होता. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्यालाही जमावी म्हणून त्यांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे म्हणून लागणाऱ्या प्रणालीचा बराच भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिला. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास बेसिकमधला पहिला प्रोग्राम चालला. पुढे घरगुती संगणकांबरोबर ही भाषा जगभर गेली.

लहान असण्याच्या उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत. शिक्षक मोजके असले की ऐच्छिक विषयांची निवड मर्यादित राहते, आणि एकाच व्यक्तीला नेटवर्कपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सारे शिकवावे लागते. कॅम्पस मुलाखतींसाठी कंपन्या दूरवर येत नाहीत. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि उद्योगांवर निर्बंध आणले. त्यामुळे वाड्या आणि किनारा राखायला मदत झाली, पण शिकाऊ उमेदवारीसाठी मुलांना वापी, उंबरगाव, बोईसर किंवा मुंबई गाठावी लागते. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते, तरी अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन नोकरी करणे म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास गाडीत.

भाषेची अडचण वेगळी. डहाणू-तलासरी हा आदिवासीबहुल भाग आहे. घरी वारली, गुजराती किंवा बोलीतली मराठी, शाळा मराठी माध्यमाची किंवा आश्रमशाळा, आणि पदवीची पुस्तके इंग्रजीत, असा अनेकांचा प्रवास असतो. प्रोग्रामिंग भाषेतले इंग्रजी शब्द थोडे असतात आणि ते लवकर अंगवळणी पडतात. त्रास होतो तो प्रश्नपत्रिकेतली लांब वाक्ये समजून घेताना आणि उत्तर लिहिताना. म्हणून संकल्पना आधी मराठीत समजावून मग इंग्रजी संज्ञेकडे नेणारा शिक्षक इथे फार मोलाचा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन, जावा यांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत. विद्यार्थ्याने पाठ ऐकत, थांबवत, शेजारी स्वतः करून पाहावे, अशी त्यांची रचना आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर फुकट मिळतात. स्थानिक शिक्षकाने ती नुसती दाखवून न थांबता त्यांवर गणिते आणि प्रोग्राम करून घेतले, तर ऐच्छिक विषयांची उणीव बरीच भरून निघते.

यंत्रे कमी असली तरी शिकणे अडत नाही, याला न्यूझीलंडमधून आधार मिळतो. तेथील टिम बेल, इयन विटन आणि त्यांचे सहकारी माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. त्यांतला एक असा: पाच मुले ओळीने उभी राहतात. त्यांच्या हातांतल्या पत्त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. पत्ता दिसला तर १, उलटा धरला तर ०. एकोणीस ही संख्या हवी असेल तर १६, २ आणि १ चे पत्ते दाखवायचे, म्हणजे १००११. या पाच पत्त्यांत ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच प्रकारे बसते, हे मुले स्वतःच शोधून काढतात. बियांनी गणती शिकवणाऱ्या कोसबाडला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प ही लहान गावातल्या विद्यार्थ्याची मोठी संधी. ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हॉटेल बुकिंग हे प्रकल्प वर्षानुवर्षे हातोहात फिरत असतात. त्याऐवजी परिसरातलाच प्रश्न घेता येतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. फळांच्या फोटोंवरून आकारानुसार प्रत ठरवणे हा प्रतिमाप्रक्रियेचा चांगला प्रकल्प होतो. बोर्डी, घोलवड, डहाणू, कोसबाड, तलासरी हे बिंदू आणि त्यांमधले रस्ते या रेषा मानून, पावसात एखादा पूल बंद झाल्यावर एसटी कुठून वळवावी हे शोधणे म्हणजे आलेखसिद्धान्ताचा सरळ वापर. वारली भाषेतल्या शब्दांचा उच्चारासह डिजिटल कोश हा डेटाबेसचा प्रकल्प. यांत माहिती विद्यार्थ्याला स्वतः गोळा करावी लागते, ती अपुरी आणि चुकीची निघते, आणि ती साफ कशी करायची हे शिकावेच लागते. मुलाखतीत अशा प्रकल्पावर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून देता येते.

पदवीनंतर एमएस्सी करता येते, सीईटी देऊन एमसीएला जाता येते किंवा नोकरी धरता येते. नोकरीत सुरुवात बहुधा सॉफ्टवेअर चाचणी, तांत्रिक साहाय्य, वेबविकास किंवा डेटाबेस सांभाळण्यापासून होते. पुढची चाल हाताशी असलेल्या कामावर अवलंबून असते.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. प्रॅक्टिकलला एका संगणकावर किती विद्यार्थी बसतात, तासांव्यतिरिक्त लॅब उघडी असते का, वीज गेल्यावर काय सोय आहे, पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि मागच्या वर्षीचे प्रकल्प कोणते होते, हे विचारावे. शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरायला महाविद्यालय मदत करते का, हेही पाहावे. शेवटी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याचाच प्रोग्राम समजावून सांगायला सांगावा. तो प्रत्येक ओळ का लिहिली हे सांगू शकला, तर तिथे संगणकशास्त्र शिकवले जाते असे खुशाल समजावे.